निळा कठडा

१

शनिवारी संध्याकाळी बाबा ओढ्यावरची फेरी आटोपून आले ते कुणाचंही नाव न घेता अख्ख्या शहराला नावं ठेवतच. पुलाखाली कुणीतरी गादी आणून टाकली होती. डोक्यावर गादी घेऊन माणूस एवढ्या लांब चालत येतो, म्हणाले, आणि शेजारच्या कचरापेटीपर्यंत जायचं म्हटलं की त्याचे पाय दुखतात.

मुलगी जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसली होती. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. सुटलेली वेलांटी, गळलेलं अक्षर, कर्त्याशी न जुळणारं क्रियापद असलं काहीबाही वेचून काढायचं तिचं काम. बाबांनी नोकरीभर पाणीपुरवठ्याचे पंप चालवले होते, आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी शेजारपाजारच्या माणसांना गोळा करून ते ओढ्याचा काठ साफ करत. आधी कचरा, मग झाडं, मग भिंतींना रंग, असं करत करत जिथून लोक नाक दाबून जायचे तिथे आता फिरायला यायला लागले होते. गटातले सगळे त्यांना मुकादम म्हणायचे, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

"आपला धंदा एकच," ते लेकीला म्हणायचे. "तू पुस्तकातला कचरा वेचतेस, मी बाहेरचा. तुझ्या कचऱ्याला वास येत नाही, एवढाच काय तो फरक."

"येतो कधीकधी," ती म्हणायची.

त्या संध्याकाळी गादीचा राग ओसरल्यावर ते खुशीत आले. "कठडा झाला एकदाचा," हात पुसत म्हणाले. "परवा आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलो होतो ना, तेवढ्यात वेल्डर येऊन करून गेला. आता रंग मारला की त्या काठावरचं माझं काम संपलं."

जेवणाआधी त्यांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचं कपाट उघडं होतं आणि कपडे पलंगावर नीट घड्या घालून ठेवलेले होते. कप्पे रिकामे. बाबांनी आईचा चष्मा तिच्या हातात दिला. "हा तू ने. बाकीचं देऊन टाकू. किती दिवस नुसती जागा अडवून ठेवायची."

तिनं चष्मा घेतला. काच पदराने पुसावी तशी बाहीने पुसली.

झोपायला जाताना ते दारात थांबले. "उद्या येतेस?"

"बघू."

दर शनिवारी ते विचारायचे, दर शनिवारी ती हेच म्हणायची, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. सकाळी ती उठली तेव्हा ते निघून गेलेले होते. ओट्यावर तिच्यापुरता चहा झाकून ठेवलेला होता.

त्या संध्याकाळवरून ती पुढे कितीदा तरी हात फिरवणार होती, शिवलेल्या कपड्यात टाचणी राहिली आहे का ते चाचपावं तसा.

२

बाबा ओढ्याच्या दगडी उतारावर, अगदी तळाशी सापडले. वर काठावर लोखंडी कठडा, छातीएवढा उंच. सगळ्यांच्या आधी पोचले होते ते काका.

काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. जन्मभर मास्तरकी केलेली, त्यामुळे खिशात कायम खडू. गटात त्यांना खडूकाका म्हणत. काठावर कठडा जिथे सुरू होतो तिथे एक जुना दगडी खांब होता, तो त्यांचा फळा. 'काच, जपून', 'रोपांना पाणी – सिस्टर', 'झाडू दोन कमी' असं काय काय ते त्यावर लिहून ठेवत आणि येणारा-जाणारा ते वाचून कामाला लागे. बाबांना पहिल्यांदा बघितलं काकांनी, बाकीच्यांना हाका मारल्या काकांनी, आणि मुलीला घरी येऊन हाताला धरून तिकडे नेलं तेही त्यांनीच.

पोलीस आला. त्यानं कठडा हलवून बघितला. कठडा पक्का होता. त्यानं विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, गुरुवारीच दुरुस्त करून घेतलाय. एवढ्या उंच, पक्क्या कठड्यावरून माणूस घसरून पडत नाही, हे त्या पोलिसानं कागदावर लिहिलं नाही. त्यानं नुसतं मुलीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, घरात काही झालं होतं का.

मग सगळेच तसं बघायला लागले. पूर्ण वाक्य कुणी बोलत नव्हतं. बोलायला सुरुवात करायचे आणि वाक्य मध्येच सोडून द्यायचे. "मुकादमांसारखा माणूस आणि असं…" "वहिनी गेल्यापासून जरा…" "शेवटी कुणाच्या मनातलं कुणाला…" भेटायला येणाऱ्यांची वाक्यं घरभर अर्धवट पडलेली असायची, एकालाही क्रियापद नाही. तीही काही वेगळं करत नव्हती. छापखान्यातून फोन आला तेव्हा "माझे बाबा, रविवारी," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि पलीकडच्यानं घाईघाईनं "हो हो, कळलं" म्हणून तिची सुटका केली.

आत्या मात्र सरळ बोलणारी. ती आली, पलंगावरचे घडी घातलेले कपडे बघितले, रिकामे कप्पे बघितले, आणि दार लोटून घेतलं.

"काय गं, हे त्यानंच काढलं?"

"हो. शनिवारी."

"तुला काही दिलं-बिलं?"

मुलीनं चष्मा दाखवला. आत्या पलंगाच्या कडेला बसली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यानं आवरून ठेवलं होतं सगळं."

माझं काम संपलं, असंही म्हणाले होते. मुलीनं ते आत्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

३

दवाखान्यातून बाबांच्या कपड्यांचं पुडकं आलं होतं. आत्या परत गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, एका दुपारी तिनं ते उघडलं. धुवायला म्हणूनच उघडलं. घाणेरडे कपडे तसेच पडून राहिलेले बाबांना कधी चालले नसते.

पांढऱ्याचा राखाडी झालेला रविवारचा सदरा. हातमोजे. पँट.

सदऱ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत तांबूस पट्टा होता. फूटपट्टीनं ओढावा तसा आडवा आणि सरळ. तिनं बोटानं घासला, बोटाला गंज लागला. डाव्या हातमोज्याच्या तळव्यावरही तोच गंज. उजव्या हातमोज्यावर मात्र नुसती माती, गंज नाही.

तिनं पँट उजेडात धरली. उताराची माती होती, एक शिवण फाटली होती. गंज कुठेच नव्हता. ना गुडघ्याला, ना मांडीला.

मुद्रितं तपासताना तिला एक सवय लागली होती. नजरेला काही खटकलं की ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायची, अर्थाकडे न बघता, एकेक अक्षर. आता तिनं सदरा तसा वाचला. छातीएवढ्या कठड्यावर चढणारा माणूस दोन्ही हातांनी धरतो, गुडघा टेकवतो, पाय टाकतो. गंजक्या लोखंडावरून पाय टाकला तर पँटीला गंज लागल्याशिवाय राहत नाही. आणि छातीवर असा एकच सरळ पट्टा कधी उमटतो? माणूस डाव्या हातानं कठडा धरतो, छाती टेकवतो, आणि उजवा हात लांब पुढे काढतो. उजव्या हातात काहीतरी असतं.

बाबा कठड्यावर चढलेच नव्हते. ते रेलले होते.

पण छातीएवढ्या पक्क्या कठड्यावर रेललेला माणूस खाली कसा जाईल? आणि त्यांच्या उजव्या हातात जे होतं, ते कुठे गेलं?

ती सदरा मांडीवर घेऊन बसून राहिली. धुतला नाही.

४

ओढ्यावर तिला सिस्टर भेटल्या. सिस्टर निवृत्त परिचारिका, आवाज वॉर्डभर जाईल असा, गटात सगळ्यांना रागावायचा हक्क त्यांचा. सोबत औषधांच्या दुकानाचे मालक होते, ते रोपांना पाणी घालत होते.

कठडा निळा झाला होता. चकचकीत, आकाशी निळा. मुलीनं हात लावला.

"मंगळवारी आम्ही सगळ्यांनी मिळून रंगवला," सिस्टर म्हणाल्या. "रंग त्यांनीच निवडला होता. म्हटलं, निदान तेवढं तरी."

रंगाचा विषय निघाला तसं औषधवाल्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "एक सांगू का? मला फार वाईट वाटतंय. रंगाचे डबे माझ्या दुकानात राहायचे. मीच मुकादमांना म्हटलं, आता जागा नाही हो. तर म्हणाले, हरकत नाही, घरी एक कपाट आहे, ते रिकामं करतो. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना उगाच कामाला लावलं."

मुलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कपाट रंगाच्या डब्यांसाठी रिकामं केलं?"

"हो ना. रविवारी काम आटपलं की डबे न्यायचे ठरलं होतं."

ती कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. आईचे कपडे, चष्मा, आवरलेले कप्पे, हे सगळं ती इतके दिवस उराशी धरून होती, आणि बाबांना हवी होती डब्यांना जागा. तिला हसू आलं. ते हसू घशात पोचेपर्यंत वेगळंच काही झालं, आणि सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

डोळे पुसल्यावर तिला दिसलं की उतार लख्ख होता. कागदाचा कपटा नाही, काचेचा तुकडा नाही. फक्त कठड्याच्या बरोबर खाली, उतारावरच्या काटेरी झुडपात, एक पांढरी प्लास्टिकची पिशवी अडकून फडफडत होती.

"ती राहिली तेवढी," सिस्टर म्हणाल्या. "खालून चढून तिथे हात पोचत नाही. ती वरूनच काढायला लागते, लांब चिमट्यानं. मुकादमच काढायचे असल्या."

"मग बाकी उतार?"

सिस्टर जरा ओशाळल्या. "त्याच दिवशी केला. त्यांना नेल्यावर. अगं, आम्ही सगळे उभे होतो, काय करावं कळेना, घरीही जाववेना. मग कुणीतरी वाकून एक कागद उचलला. मग सगळेच लागलो. रडत होतो आणि वेचत होतो."

माणूस गेला त्या जागेला कुणी हात लावत नाही. या माणसांनी ती झाडून-पुसून ठेवली होती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"वेचलेलं कुठे आहे?"

"शेडमध्ये. गाडी आली कुठे अजून."

शेडमध्ये सगळं वेगवेगळं लावून ठेवलेलं होतं. काच, कागद, प्लास्टिक, लोखंड. एवढ्या दुःखातही कुणी काचेच्या खोक्यात प्लास्टिक टाकलं नव्हतं. भिंतीवर चिमटे ओळीनं टांगलेले होते, आणि बाबांचा लांब दांड्याचा चिमटा त्याच्या नेहमीच्या खिळ्याला होता.

"हा तेव्हापासून इथेच आहे?"

"इथेच. म्हणून तर…" सिस्टर थांबल्या. म्हणून तर सगळ्यांना वाटलं की ते कामासाठी आलेच नव्हते, हे त्यांनी गिळून टाकलं.

मुलगी लोखंडाच्या खोक्यापाशी बसली. खिळे, डब्यांची झाकणं, सायकलची साखळी. त्यात अंगठ्याएवढा एक बोल्ट होता, अर्धाच. बाहेरून गंजून काळा पडलेला, पण तुटलेल्या तोंडाशी लोखंड अजून उजळ होतं.

"हा कुठे मिळाला?"

सिस्टरनी डोळ्यांजवळ धरून बघितला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मीच उचलला हा. ते पडले होते ना, तिथे. त्यांच्या शेजारीच."

बाहेर पडताना तिनं दगडी खांबाकडे बघितलं. काकांची खडूची अक्षरं धुळीत पुसट होत चालली होती: काच, जपून. झाडू दोन कमी. आणि कठड्याच्या बाजूला खांबाचा एक हातभर तुकडा मात्र स्वच्छ होता. कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्यासारखा.

५

वेल्डरचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. काळा चष्मा कपाळावर सरकवून त्यानं तिला बसायला स्टूल दिलं आणि मुकादमांची मुलगी म्हटल्यावर चहा मागवला. "बरे आहेत ना ते? सोमवारी दिसले नाहीत. एरवी मी कामाला लागलो की डोक्यावर उभे असतात, हा बोल्ट तिरका, तो बोल्ट सैल."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं सांगायला तोंड उघडलं. "बाबा," ती म्हणाली. "ते, रविवारी." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, उठून मशीन बंद केलं, आणि हातातला काळा चष्मा कुठे ठेवावा ते त्याला बराच वेळ कळलं नाही.

चहा गार झाल्यावर तिनं बोल्ट पुढे केला.

"त्याच कठड्याचा," तो म्हणाला. "हा तुम्हाला कुठे मिळाला? सोमवारी मी शोधला. म्हटलं गळून पडला असेल."

"कठडा गुरुवारी झाला होता ना?"

"कोण म्हणतं? गुरुवारी मी गावातच नव्हतो. शनिवारी दुपारी आलो. खांबाकडचे बोल्ट पार गंजले होते, ते तोडून काढले. एक तेवढा राहू दिला, कठडा उभा राहावा म्हणून. पण त्यात काही दम नव्हता, ताई. जोर पडला असता तर…" तो थांबला. हातातल्या बोल्टाच्या उजळ तोंडाकडे बघत राहिला. "पलीकडची बाजू शाबूत होती," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे हा तुटला, तर कठडा दारासारखा उघडणार. बाहेरच्या बाजूला."

"सोमवारी तुम्ही गेलात तेव्हा?"

"बंद होता. तारेनं बांधलेला. मीच सांगितलं होतं ना बांधून ठेवा म्हणून. मला वाटलं, सांगितलं तसं केलंय."

"कुणाला सांगितलंत?"

"त्या खडूवाल्या काकांना. तेच होते तिथे."

"काय सांगितलंत? जसंच्या तसं आठवून बघा."

त्यानं डोळे मिटले. "मशीन चालू होतं, ओरडूनच बोलत होतो. म्हटलं, काम परवा. तोवर बांधून ठेवा."

"काम परवा."

"हो."

"करतो, करीन, असं काही?"

"कशाला? कळतंच की. काम परवा."

ती स्टुलावर बसून राहिली. शाळेच्या पुस्तकांच्या मुद्रितांत तिनं समासात किती वेळा लिहिलं होतं: 'परवा म्हणजे कोणता? मागचा की पुढचा? क्रियापद हवं.' लेखक वैतागायचे. म्हणायचे, बाई, संदर्भावरून कळतं की. आणि बहुतेक वेळा कळायचंही.

शनिवारी कुणी 'परवा' म्हटलं आणि मनात पुढे बघितलं, तर सोमवार. शनिवारी कुणी 'परवा' वाचलं आणि मनात मागे बघितलं, तर गुरुवार. गुरुवारी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. काठावर काय झालं आणि काय नाही, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

खांबावरून काय पुसलं गेलं, ते तिला आता न वाचताच दिसत होतं.

६

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर पाण्याची बादली, आणि ते वेचून आणलेल्या बाटल्या एकेक करून विसळत होते. तिला बघून त्यांनी बाटली खाली ठेवली.

"ये पोरी."

तिनं खुर्ची घेतली नाही. तुटका बोल्ट त्यांच्या समोरच्या पायरीवर ठेवला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी हा काय, कुठला, असं काही विचारलं नाही. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं, आणि तरी ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खांबावर काय लिहिलं होतंत, काका?"

"कठडा परवा," ते म्हणाले. "दोनच शब्द. मी मास्तर माणूस. चाळीसेक वर्षं मुलांना सांगत आलो, पूर्ण वाक्यात उत्तर लिहा."

मग ते बोलत गेले, बादलीतल्या पाण्याकडे बघत. शनिवारी तार जवळ नव्हती. म्हटलं, सकाळी लवकर येऊन बांधू, तोवर लिहून ठेवू. सकाळी तारेचं वेटोळं घेऊन ते पोचले तेव्हा कठडा उघडा होता. कुणी आत्ताच बाहेर गेल्यासारखा. बाबांचा चिमटा काठावर पडलेला होता.

"खाली उतरलो. नाडी बघितली. तो गेलेला होता, पोरी. पडल्याबरोबर पोचलो असतो तरी काही उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले नंतर. मी वर आलो आणि कठडा ओढून बंद केला."

"का?"

"बघवेना. उघडा बघवेना. तारेनं आवळून बांधला, जरासाही हलणार नाही असा. मग काठावरचा चिमटा दिसला, तो शेडमध्ये नेऊन खिळ्याला लावला. सवयीनं. मग खांबावरची अक्षरं दिसली." त्यांनी ओले हात गुडघ्यांवर ठेवले. "ती काही मी सवयीनं पुसली नाहीत."

अंगणात कुठूनतरी रेडिओचा आवाज येत होता.

"पोलिसाला गुरुवार म्हणालात."

"त्यानं विचारलं, कधी दुरुस्त केला. तुझ्या बाबानं जो दिवस वाचला, तोच तोंडात आला."

"आणि मग लोक म्हणायला लागले."

"हो."

"तुमच्यासमोर म्हणत होते. माझ्यासमोर. तुम्ही रोज येऊन आमच्या घरी बसत होतात, काका. मी चहा करून देत होते तुम्हाला."

"हो."

"मला काय वाटत असेल, एवढंही तुमच्या मनात आलं नाही?"

काकांनी विसळलेली बाटली उपडी घातली. "आलं," ते म्हणाले. "रोज आलं. रोज सांगायचं ठरवून यायचो. पण तो माझ्या दोन शब्दांनी गेला हे धरून बसण्यापेक्षा, तो आपल्या मनानं गेला हे मला सोपं जात होतं. मलाच ते हळूहळू खरं वाटायला लागलं होतं. म्हणायचो, एवढा जुना मित्र, मला कसं कळलं नाही त्याच्या मनातलं. त्याच्यावर रागावून रडलोसुद्धा मी."

तिला त्यांना ओरडायचं होतं. येताना वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, चांगली धारदार. पण समोर बाटल्या विसळणारा म्हातारा होता, ज्यानं तिला सायकल शिकवताना मागून धरलं होतं आणि सोडल्यावर सांगितलं नव्हतं. त्यांना क्षमा करावी असं तिला वाटलं नाही. तसं कधी वाटेल की नाही, तेही माहीत नव्हतं.

"रविवारी सगळे येतील," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं. पूर्ण वाक्यात."

तिनं बोल्ट उचलला आणि फाटकापर्यंत गेली. मागून काकांचा आवाज आला. "तू येशील ना?"

बघू, असं तिच्या जिभेवर आलं होतं. ती फाटक लावून निघाली.

७

रविवारी ती उठली तेव्हा ओट्यावर चहा झाकलेला नव्हता. तिनं स्वतःचा केला, उभ्याउभ्याच घेतला. रंगाचे डबे तिनं आदल्या दिवशीच औषधवाल्यांच्या दुकानातून आणून आईच्या कपाटात लावले होते. चारही मावले. बाबांचा अंदाज चुकला नव्हता.

काठावर सगळे जमले होते. कुणाला कामाला लागावं की थांबावं ते कळत नव्हतं, कारण एरवी ते मुकादम सांगायचे. काका खांबापाशी उभे राहिले. खिशातला खडू हातात घेऊन ते बोलायला लागले, वर्गात बोलत तसे, एकेक वाक्य सावकाश संपवत. शनिवारी वेल्डर काय म्हणाला. त्यांनी काय लिहिलं. सकाळी काय दिसलं. काय बंद केलं, काय बांधलं, काय पुसलं. सिस्टरनी तोंडावर हात धरला. औषधवाले दुसरीकडे बघत राहिले. वेल्डरही आला होता, मागे एकटाच उभा, कधी नव्हे तो धुतलेल्या कपड्यांत.

काका थांबले. खडूचे त्यांच्या हातात दोन तुकडे झाले होते. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही, कुणी दूरही सरकलं नाही.

मुलगी शेडमध्ये गेली. बाबांचा लांब चिमटा खिळ्यावरून काढला. तिला वाटला होता त्यापेक्षा तो जड निघाला. कठड्यापाशी येऊन तिनं आधी दोन्ही हातांनी तो हलवून बघितला. मग डाव्या हातानं धरला, छाती टेकवली, आणि उजवा हात होईल तेवढा लांब केला. निळा रंग गार लागला. झुडपातली पांढरी पिशवी वाऱ्यानं एकदा चिमट्याला शिवून निसटली. ती आणखी वाकली. मागे कुणीतरी श्वास रोखल्याचं तिला ऐकू आलं. पिशवी चिमट्यात आली, काट्यांतून फाटत सुटली, आणि ती सरळ उभी राहिली.

एवढ्याचसाठी. एवढ्याशा पिशवीसाठी.

सगळे तिच्याकडे बघत होते, इतके दिवस बघत होते तसेच, पुढे न येता. तिनं पिशवी झटकली, घडी घातली. सिस्टरनी पुढे केलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात टाकली. मग ती त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, कारण तो थरथरत नव्हता.

"माझ्या बाबांनी उडी मारली नाही," ती म्हणाली. "माझे बाबा पडले."